भुसावळच्या उन्हाळ्यात घरातला छोटा पाम: टोकं का वाळतात, काय करावं

प्रश्न असा आहे: "भुसावळला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, गॅलरी पश्चिमेला. दिवाळीच्या सुमारास जळगावच्या नर्सरीतून अरेका पाम म्हणून दोन फुटांचा पाम आणला. होळीपर्यंत छान होता. आता एप्रिलमध्ये पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतायत, खालची पानं पिवळी पडतायत. पाणी रोज देते, बोअरचं. मध्ये शेणखत घातलं. वाळलेली टोकं कात्रीने कापली तर पुन्हा वाळली. कुंडी बदलू का? की आपल्याकडे पाम लावण्यात अर्थच नाही?"

ताई, झाड वाचेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सगळ्यात वरचा न उघडलेला पोंगा हिरवा आणि ताठ दिसतोय, आणि पामच्या बाबतीत तेवढंच बघायचं असतं. खालची चार पानं गेली तरी चालतात. पोंगा गेला की ते खोड संपलं, कारण पामच्या एका खोडाला वाढणारं टोक एकच असतं. आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही. म्हणून पहिलं काम: आजच कुंडी गॅलरीतून आत घ्या, रोजचं पाणी थांबवा, खत काहीही घालू नका. आणि कुंडी आत्ता बदलायची नाही, ते पावसाळ्यात बघू.

फोटोवरून सांगतो, हा अरेका नाही. अरेकाचे देठ पिवळसर असतात, पानं कमानीसारखी वळतात आणि पानाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वर उचललेल्या असतात. तुमच्या झाडाचे देठ हिरवे, पट्ट्या मऊ, सपाट, गडद हिरव्या. हा कॅमेडोरिया, घरात ठेवायच्या पाममधल्या सगळ्यात छोट्या आणि सोशिक पामपैकी एक. मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला, तोही मोठ्या झाडांच्या सावलीत खाली वाढणारा. अरेका मादागास्करचा, त्याला उजेड जास्त लागतो. नावात गल्लत झाली म्हणून तुम्ही झाडाला 'ऊन हवं' असं समजून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलंत, त्यात तुमचा दोष नाही. कुंडीत एक झाड दिसत असलं तरी ती बहुधा सात-आठ, कधी पंधरा रोपं एकत्र लावलेली असतात, कारण एकटं रोप विरळ दिसतं आणि विकलं जात नाही. ती सुटी करू नका. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, सुटी करताना निम्मी रोपं जातात.

आणखी एक. हे झाड फूट-दोन फुटांचं असतानाच फुलतं. देठाजवळून बारीक काडी निघते आणि तिच्यावर मोहरीएवढे पिवळे मणी लागतात. ती किडीची अंडी समजून लोक औषध मारतात. ती फुलं आहेत. नर आणि मादी झाडं वेगळी असल्यामुळे घरात सहसा फळ धरत नाही. काडी वाळली की कापून टाका.

आता टोकांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि खानदेशातल्या दहापैकी आठ जणांचाही तोच असतो. सगळ्यांना वाटतं ऊन लागलं, पाणी कमी पडलं. मग पाणी वाढवतात. आमच्याकडचा जुना माळी कुंडीत बोट घालून एवढंच म्हणतो, "भाऊ, याले पानी कमी नही, जास्ती व्हयी गयं." त्याचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे पाणी कसलं, हा प्रश्न.

टोक नीट बघा. तपकिरी भाग आणि हिरवा भाग यांच्या मध्ये पिवळी बारीक रेघ आहे का? फोटोत मला ती दिसते. ही क्षारांची खूण. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून इमारतीत बोअर, आणि बोअरचं पाणी जड. मुळं पाणी उचलतात, त्यासोबत विरघळलेले क्षारही वर जातात. पानातून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि साठतात कुठे, तर पाण्याचा प्रवास जिथे संपतो तिथे, म्हणजे पानाच्या टोकाला. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी हवा कोरडीठाक, तेव्हा पान दिवसभर पाणी सोडत असतं. जितकं पाणी उडतं तितके क्षार टोकाला जमतात. तुम्ही टोक कापलंत, पण क्षार तिथेच येत राहिले, म्हणून पुन्हा वाळलं. दिसायला वाईट वाटत असेल तर खुशाल कापा, फक्त तपकिरी भागाची दोऱ्याएवढी कड शिल्लक ठेवून. हिरव्यात कात्री घातली की ती नवी जखम वाळतेच.

कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरा थर धरलाय का बघा. धरला असेल तर आणखी पुरावा नको. तरी आकडा हवा असेल तर घरी आरओ दुरुस्त करायला येतो त्याच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची पेन असते, त्याला बोअरच्या पाण्यात बुडवायला सांगा. पाचशेच्या आत असेल तर कॅमेडोरियाला चालतं. हजाराच्या पुढे असेल तर नुसत्या त्या पाण्यावर हे झाड तुम्हाला चांगलं दिसणार नाही, कितीही जपलंत तरी.

मग पाणी आणायचं कुठून? इथे लोक दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही उलट्या पडतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालतात. बिचारे पाणी वाया जाऊ नये म्हणूनच करतात, पण कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत ठेवतो. वरून रोज नवीन पाणी, म्हणजे नवीन क्षार. कूलरच्या जाळीतल्या गवतावर जो पांढरा खडा चढतो ना, तेच पाणी तुम्ही कुंडीत ओतताय. दुसरं, आरओचं वाया जाणारं पाणी. त्या यंत्राचं कामच मुळी क्षार तुमच्या ग्लासातून काढून त्या नळीत सोडणं हे आहे. फरशी पुसा, संडासात टाका, पामला नको.

याउलट एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. घरात एसी असेल तर नळीखाली बादली ठेवा. शेजाऱ्याचा असेल तर त्याला विचारा, तो आनंदाने देईल, नाहीतर ते भिंतीवरच ओघळतंय. नसेल तर पिण्याच्या आरओच्या पाण्यात निम्मं बोअरचं मिसळा. एका छोट्या पामला आठवड्याला लागतं किती, तीन-चार लिटर.

आणि वेळ. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी तीन वाजता हाताला सोसत नाही, ते मुळांना कसं सोसेल? रात्री बादली भरून ठेवायची आणि सकाळी घालायचं.

साठलेले क्षार मात्र धुऊनच काढावे लागतात. मातीचा वरचा दोन बोटं थर कोरडा झाला की कुंडी बाथरूममध्ये न्या, पांढरा थर आणि वर पडलेलं शेणखत खरवडून काढा. मग हळूहळू, मधे थांबत, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओता. दहा इंची कुंडी असेल तर साधारण वीस लिटर. बोअरचं असलं तरी चालेल, कारण कुंडीत जे साठलंय ते त्याहून कितीतरी खारट आहे. शेवटचे दोन लिटर तेवढे चांगल्या पाण्याचे. पूर्ण निथळू द्या. खाली ताटली असेल तर त्यात पाणी साचू देऊ नका, साचलेलं परत वर चढतं आणि केलेली मेहनत फुकट जाते. असं उन्हाळ्यात महिन्यातून एकदा करा. जून-जुलैत पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की कुंडी पावसात ठेवून द्या, पण झाडाखाली किंवा छपराच्या कडेला. मोकळ्यावर ठेवलीत आणि दुपारी ढग फाटले तर घरात वाढलेलं पान एका दिवसात भाजतं.

धुवायला घ्याल तेव्हा आणखी एक तपासा. बोट मातीत खुपसा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बराच माल आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येतो, राजमहेंद्रीजवळून. गोदावरीच्या काठची दमट हवा, वर हिरवी जाळी, आणि मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा. प्रवासात तो फुटत नाही, म्हणून नर्सरीवाल्यांना बरा. पण तो एकदा पूर्ण वाळला की विटेसारखा होतो. तुमच्या नर्सरीवाल्याने तो गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलं असेल, तर तुम्ही घातलेलं पाणी कोकोपीटमधून सरळ खाली जातं. बाहेरचा भाग चिखल, आतला गोळा कोरडा. वरून हात लावला की ओलं लागतं, आणि झाड तहानेलं. तुम्ही म्हणता रोज पाणी घालूनही पानं वाळतात, त्यात याचा हात असू शकतो. काडी घ्या, अगरबत्तीची चालेल, खोडाजवळून तिरकी आत घाला. गोळ्यात शिरली नाही तर समजा. अशा वेळी कुंडीच अर्धा-पाऊण तास पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेर काढून निथळवायची. त्यानंतर पुढच्या वेळेपासून गोळा पूर्ण सुकू द्यायचा नाही.

पाणी किती दिवसांनी, हे मी सांगणार नाही, कारण तुमच्या खोलीत किती उकडतं ते मला माहीत नाही. बोटाची दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर घाला, ओलं असेल तर उद्या बघा. मे महिन्यात हे दोन-तीन दिवसांनी येईल, पावसाळ्यात आठवड्याने, आणि धुळ्या-जळगावची थंडी पडली, पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला, की दहा-बारा दिवसांनीसुद्धा. थंडीत ओली राहिलेली कुंडी मुळं कुजवते.

कुठे ठेवायचा? कॅमेडोरियाला उजेड हवा, ऊन नको. खिडकीपासून चार-पाच फूट आत, जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, ती जागा. क्षारांचं नुकसान टोकाला आणि कडेला असतं. उन्हाचं नुकसान पानाच्या मधोमध, उन्हाकडच्या बाजूला, पांढरट कागदासारखा डाग. तुमच्या दोन पानांवर असे डाग आहेत, ते पश्चिमेच्या उन्हाचे. ते भरून येत नाहीत, नवीन पान येईल तेव्हाच झाड चांगलं दिसेल. आणि घाई करू नका, हे झाड वर्षाला मोजकीच पानं काढतं.

उन्हाइतकाच वारा वाईट. रावेर-यावलचा केळीवाला बागेच्या भोवती शेवरी किंवा गजराज गवताची भिंत का उभी करतो, उन्हाळी झळांनी पान फाटून करपू नये म्हणून. तुमच्या गॅलरीत ती भिंत नाही, आणि तिथे एसीचा बाहेरचा डबा असेल तर तो दिवसभर गरम हवा फेकतो. त्याच्या समोर काहीही जगत नाही. आत कूलर असेल तर तो पामला मानवतो, हवा ओलसर होते. फक्त थेट झोतात ठेवू नका, बाजूला सहा-सात फुटांवर ठेवा. एसीची खोली मात्र कोरडी असते, तिथे टोकं जास्त वाळतात.

पानांवर पाणी शिंपडायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने हवेतला ओलावा पाच-दहा मिनिटं वाढतो, आणि बोअरचं पाणी असेल तर पानावर पांढरे ठिपके राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. आपल्याकडे धूळ एवढी आहे की नुसतं पुसण्याने झाड वेगळं दिसायला लागतं. दूध, खोबरेल, चकाकीचे स्प्रे नकोत.

पुसताना पानाची खालची बाजू बघा. कोरड्या उष्णतेत लाल कोळी येतो, तो डोळ्यांना नीट दिसतसुद्धा नाही. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, खाली बारीक जाळं, पांढऱ्या कागदावर पान झटकलं की चालणारे ठिपके. कोळी असेल तर झाड बाथरूममध्ये आडवं धरून पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा मारा, चार दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. घरात शेतीचं गंधक असतं म्हणून लोक तेच मारतात. पावसाळा संपल्यावर चालेल, पण एवढ्या उन्हाळ्यात गंधक मारलंत तर कोळी राहिला बाजूला, पानंच जळतील. कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात बसतो, तो कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपून काढा.

खालची पिवळी पानं. सगळी कापायची घाई करू नका. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडला की पाम जुन्या पानातला काढून नव्याला देतो. ते पान तुम्ही तोडलंत तर तो साठा गेला आणि त्याच्या वरचं पान पिवळं पडायला लागतं. पूर्ण वाळलं की काढा. पिवळेपणा कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. जुन्या पानांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि टोक वाळलेलं, तर पालाश. जुन्या पानाची कड पिवळी आणि मधला पट्टा हिरवा, तर मॅग्नेशियम. नवीन पानच पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह, आणि ते आपल्याकडच्या चुनखडीच्या पाण्याने आणि मातीने होतं. कुंडीत लोह नसतं असं नाही, झाडाला घेता येत नाही.

खत जुलै ते ऑक्टोबर एवढंच. ताजं शेणखत कुंडीत नकोच, त्यात क्षारही असतात आणि गरमही पडतं. ठिबकच्या शेतकऱ्याच्या घरी १९:१९:१९ आणि १३:००:४५ या विरघळणाऱ्या खतांच्या पिशव्या असतातच. लिटरला एक ग्रॅम, एका महिन्यात हे, दुसऱ्या महिन्यात ते, ओल्या मातीत. मधे एकदा मॅग्नेशियम सल्फेट लिटरला दोन ग्रॅम. लोह द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह घ्या (पिशवीवर तसं लिहिलेलं असतं). स्वस्तातलं ईडीटीए आपल्या चुनखडीच्या मातीत टिकत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट नको, त्यातला फ्लोराइड टोकं जाळतो. पांढरं पोटॅशही कुंडीत नको, केळीला चालतं म्हणून इथे चालेल असं नाही.

कुंडी बदलायची ती पहिला पाऊस चांगला बसल्यावर. आताच्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी, बस. पामला मुळं आवळलेली आवडतात. मोठी कुंडी घेतली की मुळं नसलेली माती ओली राहते आणि कुजवते. शेतातली काळी माती आणू नका, कितीही कसदार असली तरी. ती ओली झाली की फुगते, हवा कोंडते. वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली पळतं. एक भाग मुरमाड लाल माती, एक भाग जुनं गांडूळखत किंवा पानांचं कुजलेलं खत, एक भाग भरड काहीतरी: चाळलेली जाड वाळू, विटांचा चुरा, नाहीतर अर्धवट कुजलेली भुईमुगाची टरफलं, ती आपल्याकडे भरपूर मिळतात. कोकोपीट वापरायचं तर आधी दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. तळाला चार इंच खडीचा थर घालण्याची पद्धत आहे, त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या जवळ सरकते. भोकावर एक खापरी पुरे. लाल गोळा असेल तर तासभर भिजवून बाहेरची कड हाताने सैल करा, आतली मुळं ओढू नका. आणि खोड आधी होतं त्याच पातळीवर ठेवा. उभं राहावं म्हणून खोल गाडलेला पाम वर्षभरात बुडातून सडतो.

हवा शुद्ध करतो म्हणून घेतला असाल तर तेवढं मनावर घेऊ नका. १९८९ च्या नासाच्या प्रयोगात याच जातकुळीतला बांबू पाम होता, पण ते बंद पेटीतलं काम. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला गेला तेव्हा निघालं की खोलीची हवा खरंच बदलायची तर एका चौरस मीटरमध्ये दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. दिसायला सुंदर आणि मांजरीने चावलं तरी विषारी नाही, एवढी कारणं मला पुरेशी वाटतात.

गॅलरी रिकामी राहिल्याचं वाईट वाटत असेल तर तिथे फिनिक्स पाम लावा. आपल्या नाल्याकाठच्या शिंदीचा बुटका नातेवाईक, ऊन पचवतो, जड पाणीही कॅमेडोरियापेक्षा बरं सोसतो. पानाच्या बुडाशी काटे असतात, लहान मुलं असतील तर भिंतीकडे सरकवून ठेवा. अंधाऱ्या पॅसेजसाठी रॅफिस नावाचा पाम. महाग, पण मरत नाही. अरेका अंगणात कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत चांगला येतो, गॅलरीच्या उन्हात नाही.

आता राहिला पोंगा. पुढच्या आठवड्यात तो दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा, प्रत्येक रोपाचा वेगळा. घट्ट असेल तर काळजी नाही. सहज हातात आला आणि बुडाला घाण वास येत असेल तर त्या रोपाचा गाभा सडलाय. ते रोप मातीसरशी कापून टाका, बाकीच्यांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला तीन ग्रॅम एकदा ओता, आणि पाणी आणखी लांबवा. एक-दोन रोपं गेली तरी कुंडी उभी राहते. सगळीच गेली तर नवीन झाड एप्रिल-मेमध्ये घेऊ नका, पोळ्याच्या आसपास घ्या. तेव्हा कडियमचा ताजा माल येतो, हवा दमट असते आणि पुढच्या उन्हाळ्याआधी त्याला आपल्या पाण्याची सवय व्हायला सहा-सात महिने मिळतात.